अक्कलकोट रस्त्यावरचा दगडी स्टॉप: एका प्रवासी निवाऱ्याचं मूल्यमापन

अक्कलकोट रस्त्यावर सोलापूर शहराकडे येणाऱ्या बाजूला एक जुना बसथांबा आहे. मागे काळ्या दगडाची भिंत, वर पुढे झेपावलेला सिमेंटचा स्लॅब, आत शहाबादी फरशीचं बाकडं. आसपासची माणसं त्याला नुसतं 'दगडी स्टॉप' म्हणतात. रस्तारुंदीच्या आराखड्यात त्याच्यावर लाल फुली पडली. मग काही रहिवाशांनी तो 'ब्रिटिशकालीन वारसा' असल्याचा अर्ज केला आणि तो खरोखर वारसा आहे का, हे तपासायचं काम आमच्याकडे आलं. आम्ही म्हणजे दोन वास्तुविशारद, एक स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि मोजमापाला आलेली वास्तुशास्त्राची मुलं. निर्णय अजून व्हायचा आहे, म्हणून नेमकं ठिकाण इथं देत नाही.

आमचा निष्कर्ष आधीच सांगून टाकतो. थांबा ब्रिटिशकालीन नाही, तरीही जपण्याजोगा आहे. आणि जपायचा तर तिथं बस थांबत राहिली पाहिजे. बस पुढं हलवली आणि वास्तू तेवढी राखली, तर जे राखायला निघालो तेच हातचं जाईल. हे मत कसं झालं, ते पुढं सविस्तर मांडतो.

वय ठरवताना

घडीव काळा दगड दिसला की तो इंग्रजांचा, ही समजूत सोलापुरात सहज होते. 1860 मध्ये इथं रेल्वे आली, 1877 मध्ये जुनी मिल सुरू झाली, पाठोपाठ इतर गिरण्या आल्या. त्या काळातलं दगडी काम शहरभर आहे. पण दगड घडवणारे पाथरवट 1947 नंतरही तेच होते, खाणीही त्याच होत्या. नुसत्या दगडावरून वय सांगता येत नाही.

स्लॅबवरून थोडा अंदाज येतो. पुढं एकही खांब नाही. मागच्या भिंतीतून निघालेल्या तीन ब्रॅकेटांवर सात फुटांचा स्लॅब अधांतरी तोललेला आहे, भिंतीपाशी जाड आणि टोकाकडे पातळ होत गेलेला. काँक्रीट निखळलंय तिथं आतली सळई दिसते: गुळगुळीत, गोल, साध्या माइल्ड स्टीलची. पीळ दिलेली टॉर सळई कुठंच नाही. ती आपल्याकडे 1960 च्या दशकात रुळली, तेव्हा काम बहुधा त्याआधीचं किंवा त्या सुमाराचं.

पक्के पुरावे दोन मिळाले. भिंतीच्या माथ्यावरच्या दगडात 'सो. ब. म्यु.' अशी अक्षरं कोरलेली आहेत. ही सोलापूर बरो म्युनिसिपालिटी. सोलापूरची नगरपालिका 1852 पासूनची. 1 मे 1964 रोजी तिची महानगरपालिका झाली. त्यानंतर ही अक्षरं कोणी कोरली नसती. दुसरा पुरावा आतल्या गिलाव्यावर होता. तिथं डिस्टेंपरचे, ऑइलपेंटचे आणि जाहिरातींचे थर एकावर एक चढलेले. मुलांनी तळहाताएवढ्या जागेत सर्जिकल ब्लेडनं एकेक थर सोलत नेला, तेव्हा तळाशी निळ्या रंगात रंगवलेल्या भाडेपत्रकाचा एक कोपरा निघाला. त्यात 'स्टेशन' हा शब्द वाचता येतो आणि एका आकड्यापुढं 'न. पै.' दिसतं. नवे पैसे चलनात आले 1 एप्रिल 1957 रोजी, आणि 1 जून 1964 पासून ते नुसते 'पैसे' झाले. म्हणजे हे पत्रक त्या सात वर्षांतलं, आणि ते थेट मूळ गिलाव्यावर रंगवलेलं आहे.

अर्जदार हिरमुसले. ब्रिटिशकालीन नाही म्हटल्यावर आता वारसा कसला, असा त्यांचा चेहरा झाला. मला मात्र ही तारीख जास्त मोलाची वाटते. 1930 मध्ये ज्या शहरावर मार्शल लॉ लादला गेला, ज्याच्या चार माणसांना 12 जानेवारी 1931 रोजी फाशी दिली गेली, त्या शहराच्या नगरपालिकेनं स्वातंत्र्यानंतर दहा-पंधरा वर्षांत आपल्या कामगारांना सावलीत बसता यावं म्हणून हे बांधलं. साहेबाच्या बंगल्यापेक्षा ह्या बांधकामाचं नातं सोलापूरशी जवळचं आहे.

उन्हाकडे पाठ

थांब्याची खरी किंमत कळली ती मोजमाप घेताना. अक्कलकोट सोलापूरच्या आग्नेयेला आहे. शहराकडे येणारी बस वायव्येला तोंड करून येते, त्यामुळे तिची डावी बाजू नैर्ऋत्येला पडते. थांबा त्या डाव्या बाजूला आहे. त्याची पाठ नैर्ऋत्येला, तोंड ईशान्येला. दुपारी दोननंतरचं ऊन सगळं पाठीवर. जूननंतरचा वारा आणि त्याच्यासोबत येणारा तिरपा पाऊसही पाठीवरच.

ती पाठ दीड फूट जाडीच्या दगडाची आहे. मे महिन्यात सोलापूरचा पारा 42-43 च्या घरात असतो. अशा दिवशी दुपारी चार वाजता आम्ही भिंतीला बाहेरून हात लावला तर चटका बसला, आतून लावला तर कोमट. ऊन दगडातून आत झिरपेपर्यंत संध्याकाळ होते आणि तोवर लोक घरी गेलेले असतात. थोड्या अंतरावर स्टीलचा नवा निवारा आहे, वर पारदर्शक पत्रा आणि खाली छिद्रांचं स्टीलचं बाकडं. दुपारी त्या बाकड्यावर कोणी टेकत नाही. माणसं मागच्या लिंबाच्या सावलीत उभी राहतात आणि बस दिसली की धावत येतात.

आता बारकावे. बाकड्यावर बसलेल्या माणसाला बस उजवीकडून येते. म्हणून उजव्या टोकाची भिंत गुडघ्याएवढीच ठेवली आहे, बसल्या जागेवरून रस्ता लांबपर्यंत दिसतो. डाव्या टोकाची भिंत मात्र पूर्ण उंच आहे, कारण तिकडून मावळतीचं ऊन तिरकं आत येतं. मागच्या भिंतीत बसलेल्याच्या खांद्याच्या वर सिमेंटच्या जाळीचा पट्टा आहे. त्यातून वारा खेळतो आणि मागं कोण उभं आहे तेही कळतं. संध्याकाळी एकट्या बसलेल्या बाईला ह्या जाळीचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही.

आणि एक कट्टा. डाव्या भिंतीला लागून छातीएवढ्या उंचीवर दगडाची एक लांब फळी बाहेर काढलेली आहे. आम्ही आधी तिला शोभेची समजलो होतो. विडीच्या ब्रँचला, म्हणजे कारखान्याच्या केंद्रात, वळलेल्या विड्या देऊन परतणाऱ्या एका अक्कानं विडीच्या नव्या पानांचं बोचकं डोक्यावरून अलगद त्यावर टेकवलं, तेव्हा उलगडा झाला. ती म्हणाली, "वझं उतरवायला कुणाची वाट बघाय लागत न्हाई की ओ. येकटीला टेकवता येतंय, येकटीला उचलता येतंय." जमिनीवर ठेवलेलं ओझं पुन्हा डोक्यावर घ्यायला दुसरा माणूस लागतो, छातीच्या उंचीवरून ते एकटीला सरकवून घेता येतं. त्या फळीची कड मधोमध इतकी झिजली आहे की बोट फिरवलं तर खळगा लागतो.

ज्यानं हे आखलं त्याचं नाव कुठं कोरलेलं नाही. नगरपालिकेच्या बांधकाम खात्यातला कोणी ओव्हरसिअर असेल. तो इथं उन्हात उभा राहिला असणार आणि माणसं कशी येतात-जातात हे त्यानं बघितलं असणार, एवढं मी खात्रीनं म्हणतो. कागदावर बसून असलं सुचत नाही.

कोणाचं काय म्हणणं

रस्त्याचं काम पाहणाऱ्या खात्याचा मुद्दा खोटा नव्हता. थांबा चौकाच्या अलीकडे आहे. बस उभी राहिली की डावीकडे वळणारी वाहनं मागं तुंबतात. वाहतुकीच्या शास्त्राप्रमाणे थांबा चौक ओलांडल्यावर हवा. शिवाय त्यांना त्या बाजूला पाच फूट जागा हवी होती. त्यांच्या पुढच्या प्रस्तावात तडजोडही होती: वास्तू तोडत नाही, जवळच्या बागेत हलवू, बाजूला फलक लावू.

मागच्या दुकानदाराला थांबा नकोच होता, कारण दुकानाचं तोंड झाकलं जातं. त्याची तक्रार आम्ही नोंदवली. रात्री तिथं दारुडे बसतात ही तक्रारही खरी होती. तिथला दिवा बंद होता. कॉलेजच्या मुलांना पुढची बस कधी येणार ते दाखवणारा बोर्ड हवा होता, बाकी वास्तूचं त्यांना काही पडलेलं नव्हतं. पदयात्रेनं अक्कलकोटला निघालेले स्वामीभक्त तिथं टेकतात. यंत्रमागावर जाणारे पाळीच्या वेळेला येतात, आणि सगळ्यांत जास्त असतात त्या विडी कामगार बायका.

ह्या शेवटच्या दोन गटांना कोणी विचारलंच नव्हतं. अर्जावर त्यांची सही नव्हती आणि आराखड्याच्या बैठकीलाही त्या नव्हत्या. आम्ही सकाळ-संध्याकाळ बाकड्यावर बसून त्यांच्याशी बोललो. बऱ्याच जणी घरात तेलुगू बोलणाऱ्या, काही कन्नड, त्यामुळे मुलांपैकी एका तेलुगू भाषिक मुलीनं निम्मं काम केलं. 'वारसा' हा विषय एकीनंही काढला नाही. त्यांनी सांगितलं ते इतकंच, की इथं बसता येतं आणि पाठ भिजत नाही. बस मात्र कमी झाल्यात, त्या वाढवा.

बागेत हलवणं का शक्य नाही

'हलवू' हा शब्द ऐकायला गोड वाटतो. दगडी भिंत हलवता येते: प्रत्येक दगडाला नंबर टाकायचा, उतरवायचा, तसाच पुन्हा रचायचा. काँक्रीटचा स्लॅब तसा उतरवता येत नाही. तो भिंतीत मागं खोलवर गुंतलेला आहे आणि भिंतीच्या वजनानंच तोलला गेला आहे. भिंत काढायला घेतली की स्लॅब आधी तोडावा लागणार. म्हणजे बागेत उभं राहील ते जुन्या दगडांवर बसवलेलं नवं छप्पर. बरं, बागेत ते कोणत्या दिशेला तोंड करून ठेवणार? नैर्ऋत्येला पाठ नसेल तर ती दीड फुटाची भिंत कशासाठी? छातीएवढा कट्टा तिथं कोणाचं ओझं उतरवणार?

तिसरा पर्याय, वास्तू जागेवर ठेवून बस फक्त शंभर-दीडशे फूट पुढं थांबवायची, हा अनेकांना शहाणपणाचा वाटला. आमच्या गटातही ह्यावर बरीच वादावादी झाली. मला तो सगळ्यांत वाईट वाटतो. बस पुढं गेली की माणसं पुढं जातात. मग इथं पानाची पिंक, फ्लेक्सचे सांगाडे, एखादी टपरी, आणि दोन-चार वर्षांत 'धोकादायक वास्तू' असा शेरा. सोलापुरात गिरण्यांच्या बाबतीत हे आपण पाहिलं आहे. काम बंद पडलेल्या शेडला कोणी वाली उरत नाही, मग भिंतींचं मोल सांगणाऱ्यांचा आवाज ऐकायलाही कोणी नसतं. इंग्लंडमध्ये ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावरचे काही जुने ट्रामनिवारे संरक्षित यादीत आहेत. तिथं 1885 पासूनची ट्राम आजही धावते, हे त्यात महत्त्वाचं.

स्लॅब पडेल का

हा प्रश्न सगळ्यात आधी सुटायला हवा होता. माणसाच्या डोक्यावर पडणारी गोष्ट वारसा म्हणून राखता येत नाही.

खालून पाहिलं तर स्लॅब भयानक दिसतो. गिलावा निघालेला, गंजलेल्या सळया उघड्या. ते फोटो पाहूनच पाडायची शिफारस झाली होती. पण अधांतरी स्लॅबचं गणित नेहमीच्या स्लॅबच्या उलटं असतं. दोन भिंतींवर टेकलेला स्लॅब मधोमध खाली वाकू पाहतो, म्हणून त्याची मुख्य सळई तळाला असते. एका बाजूलाच धरलेला स्लॅब टोकाला खाली वाकतो, त्याची वरची बाजू ताणली जाते आणि मुख्य सळई वरच्या अंगाला असते. खाली दिसणाऱ्या सळया इथं दुय्यम होत्या. त्या गंजल्या म्हणून स्लॅब पडत नाही. पडायचा असेल तर तो वरून, भिंतीलगतच्या भेगेतून. म्हणजे ज्या बाजूकडे कोणीच पाहिलं नव्हतं तिथून.

वर चढून पाहिलं तर डांबराचे तीन थर, मातीचा गाळ, आणि पन्हाळीच्या तोंडात रुजलेलं पिंपळाचं रोप. पन्हाळ तुंबल्यामुळं पावसाचं पाणी एका कोपऱ्यात साचून राहायचं. भिंतीलगत तीन ठिकाणी डांबर खरवडून काँक्रीट उघडं केलं आणि फिनॉल्फ्थॅलीन फवारलं. निरोगी काँक्रीट त्यानं गुलाबी होतं. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळं त्याचा क्षार निघून गेला असेल तर रंग चढत नाही, आणि अशा काँक्रीटमध्ये ओल पोचली की सळई गंजते. दोन ठिकाणी सळईच्या सभोवती छान गुलाबी रंग आला. तुंबलेल्या कोपऱ्यात आला नाही आणि तिथली सळई बोटांनी चाचपली तरी पापुद्रे सुटत होते.

अवर्षणाचा प्रदेश इथं मदतीला आला. पाणी साचलं तेवढाच भाग सडला, बाकीचा कोरडा राहिला. इंजिनिअरचं मत: पहिल्या दिवशी टेकू लावा, वरचं डांबराचं ओझं उतरवा, बिघडलेल्या कोपऱ्यात नवी सळई जोडून काँक्रीट बदला, पन्हाळ मोठी करा, वर पाण्याला उतार द्या. खालून गिलावा मारून रंग देणं हे सर्वांत शेवटी. नेहमीच्या दुरुस्तीत ते पहिलं आणि एकुलतं एक काम असतं.

मूल्य कशावर ठरवलं

केंद्राच्या 1958 च्या पुरातन वास्तू कायद्याला वास्तू किमान शंभर वर्षांची लागते. ते दार बंद. पण राज्याच्या 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत वारसा यादीची तरतूद आहे, आणि तिसऱ्या श्रेणीत नगरदृश्याच्या किंवा समाजजीवनाच्या दृष्टीनं महत्त्वाच्या वास्तू बसतात. ह्या श्रेणीत वापरासाठी बदल करायलाही वाव असतो. वारसा जतनाचं काम करणाऱ्या इन्टॅक ह्या राष्ट्रीय संस्थेची 2004 ची सनद तर कुठल्याच यादीत नसलेल्या वारशासाठीच लिहिलेली आहे. तुलनेसाठी आम्ही ऑस्ट्रेलियातली वारसा जतनाची बर्रा सनद घेतली. 1979 पासूनची ही सनद सौंदर्य, इतिहास, विज्ञान, समाज आणि अध्यात्म अशा अंगांनी एखाद्या जागेचं महत्त्व पाहते.

सौंदर्याला आम्ही मध्यम म्हटलं. इतिहासाला चांगलं, कारण भाडेपत्रकाचा तो कोपरा आणि म्युनिसिपालिटीची अक्षरं मिळून शहर बसच्या सुरुवातीच्या काळाची जागेवरची साक्ष देतात. उन्हाची दिशा, कट्टा, जाळी ही विज्ञानाच्या खात्यात. समाजमूल्य सर्वांत वरचं, आणि ते पूर्णपणे चालू वापरावर उभं आहे. बस काढली की ते शून्य होतं.

सोलापुरात वारसा म्हटलं की भुईकोट किल्ला, सिद्धेश्वर मंदिर, वारदांचं इंद्रभुवन ही नावं येतात, आणि यायलाच हवीत. पण गिरणीच्या भोंग्यावर ज्यांचा दिवस चालायचा, विड्या वळून ज्या बायकांनी घरं चालवली, त्यांच्या रोजच्या जाण्या-येण्याची सार्वजनिक जागा म्हणून काय उरलं आहे? फार थोडं. आणि शहर ह्याच दिशेला वाढतंय. ह्याच रस्त्यावरच्या कुंभारीला विडी कामगारांची 10000 घरकुलं 2006 मध्ये झाली. जानेवारी 2024 मध्ये तिथल्याच रे नगर ह्या कामगार वसाहतीतल्या 15000 घरांचा ताबा दिला गेला. ह्या रस्त्यावरून शहरात येणारी माणसं वाढणारच आहेत.

शिफारस

जागेचा पेच वाटला होता तेवढा अवघड निघाला नाही. पुढं खांब नसल्यामुळं स्लॅबखालची जमीन मोकळीच आहे. आड येत होता तो नंतर कधीतरी ग्लेझ्ड टाइल लावून वाढवलेला तीन फुटांचा चौथरा. तो मूळचा नाही, तो काढायला आमची हरकत नाही. उरलेले दोन फूट दुभाजक सरकवून मिळतात. स्लॅबच्या टोकाला बसची वरची कड घासू नये म्हणून फूटपाथची कड टोकापासून दीड फूट बाहेर ठेवायची. मूळ ओटा सहा इंच उंच आहे. त्याला सहा फुटांचा उतार केला की व्हीलचेअर चढते. वळणाऱ्या वाहनांसाठी बसनं थांब्याच्या मागच्या टोकाला, म्हणजे चौकापासून शक्य तितकं दूर उभं राहावं, तिथं जमिनीवर पट्टे मारावेत. कोंडी पूर्ण सुटणार नाही, कमी होईल. खात्याच्या अभियंत्यांनीही हे आकडे जागेवर फिरून तपासले आणि आराखडा बदलता येईल असं मान्य केलं.

दिवा लावायचा. मुलांना हवा तो बोर्ड उंच भिंतीच्या आतल्या बाजूला, कट्ट्याच्या वर बसवायचा. भाडेपत्रकाचा कोपरा काच लावून उघडा ठेवायचा, बाकीच्या रंगाखाली जे असेल ते पुढच्या पिढीसाठी झाकलेलंच बरं. कोरलेल्या अक्षरांत सोनेरी रंग भरू नये. दुकानदाराच्या तक्रारीवर आमच्याकडे पूर्ण उत्तर नाही. चौथरा निघाल्यावर त्याच्या दाराशी वाट रुंद होईल, एवढंच त्याला सांगता आलं.

अहवालाच्या पहिल्याच पानावर आम्ही दोन अटी घातल्या: थांब्याची जागा बदलू नये, आणि सकाळ-संध्याकाळच्या पाळीच्या वेळेला तिथं ठरलेल्या फेऱ्या असाव्यात. इमारतीच्या अहवालात बसच्या फेऱ्यांचा काय संबंध, तो भाग वगळावा, असा शेरा मारून मसुदा परत आला. आम्ही बाकीच्या सगळ्या दुरुस्त्या केल्या, हा भाग तसाच ठेवून अहवाल पुन्हा पाठवला आहे. यादीवर हरकती-सूचना मागवल्या जातील तेव्हा विडी कामगार बायकांनी स्वतः येऊन हेच सांगावं, म्हणून अर्जाचा नमुना तेलुगूत आणि कन्नडमध्येही करून घेतला आहे.